खांद्याची रेषा

डॉ. क्लिफर्ड एल्सवुड या माणसाने माझ्या वडिलांना फसवलं. वडिलांचं नाव मनोहर दिघे. एल्सवुड पुढे प्रोफेसर झाला, आता नव्वदीच्या घरात आहे, नॉटिंगहॅमच्या बाहेर एका सुखवस्तू गावात राहतो आणि त्याचं पुस्तक अजून छापलं जातं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण जुनी दारं, खिडक्या आणि फरशा विकण्याच्या धंद्यात आयुष्य काढल्यावर एक सवय लागली आहे: मालातली चीर आधी दाखवायची, मग भावाचं बोलायचं. या मालात आणखी एक चीर आहे, ती माझी. तिच्याकडे मी माझ्या वेळेने येईन.

नॉटिंगहॅममधली आमची गल्ली एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची होती आणि गल्लीच्या टोकाला मोज्यांची मिल होती. चार मजले, नुसतं काँक्रीट आणि काच. आत विणकामाची यंत्रं चालू झाली की आमच्या पुढच्या खोलीच्या काचा बारीक थरथरायच्या आणि आईने कपात उभे ठेवलेले चमचे दिवसभर किणकिणायचे. रविवारी मिल बंद असली की आई म्हणायची, आज कान कसे रिकामे रिकामे वाटतात. घरात मोज्यांची ददात नव्हती. जरा तिरकी वीण आली की ती जोडी कामगारांना मिळायची, त्यामुळे आमच्या घरात मोजे पायांत कमी आणि इतर कामांना जास्त असत. कांदे मोज्यात, कपड्यांचे चिमटे मोज्यात, आणि पातळ मलमल मिळत नसल्यामुळे श्रीखंडाचा चक्काही नव्या कोऱ्या, उकळून घेतलेल्या लांब मोज्यात, नळाच्या तोटीला टांगलेला.

बाबा मुंबईत फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. तिथे त्यांचा हात प्रसिद्ध होता. इथे कुठल्याच ऑफिसाने त्यांना ड्रॉइंग बोर्डाजवळ उभं केलं नाही. इथला अनुभव आहे का, एवढंच विचारायचे, आणि तो नसल्यामुळे तो मिळण्याचीही सोय नव्हती. म्हणून ते मिलच्या पॅकिंग खात्यात लागले. पहिल्या दिवशी घरी आले ते बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरले.

"अगं, त्या इमारतीला तुळयाच नाहीत."

"म्हणजे?" आई पोळी लाटत होती.

"खांब वर जातो आणि छत्रीसारखा उघडतो. छत नुसतं त्यावर टेकलंय. मी जेवणाच्या सुट्टीत जेवलोच नाही, वर बघत बसलो."

"पडणार नाही ना?" आई म्हणाली. "पडायचं असलं तर पगाराचा दिवस होऊन जाऊ दे."

जिन्याजवळ एक पितळी पाटी होती. तिच्यावर नाव होतं: अमोस ब्रिंकर, आर्किटेक्ट. या माणसाला नॉटिंगहॅममध्ये कोणीच ओळखत नव्हतं. मिलच्या मालकांना वाटायचं तो इंग्रज असावा. बाबांनी शहराच्या लायब्ररीत जुनी बांधकामाची मासिकं उलटीपालटी करून शोधून काढलं, की तो अमेरिकन होता. मग त्यांनी ओहायोतल्या लायब्ररींना पत्रं लिहिली, एका नगरपालिकेला लिहिलं, शेवटी ब्रिंकरच्या एका म्हाताऱ्या पुतणीचा पत्ता मिळवला. दोन वर्षं निळी एअरमेल पाकिटं आमच्या दारातून आत पडत होती. आई म्हणायची, "तुमचा अमेरिकन आला. जेवायला थांबतोय का विचारा, भात टाकते."

त्या पत्रांतून बाबांनी एका माणसाचं सगळं कामकाजाचं आयुष्य तुकडा तुकडा जोडलं. ब्रिंकर मैदानी मुलखात धान्याचे कोठार-मनोरे बांधत मोठा झाला. ओल्या धान्याचा भार भिंती फोडतो, हे पाहून तो काँक्रीटकडे वळला, आणि तो छत्रीसारखा खांब त्याने एका कोठारातच पहिल्यांदा उभा केला. पण पेटंटचा अर्ज भागीदाराने स्वतःच्या नावाने केला. ब्रिंकर भांडला, हरला, आणि विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटल्यावर बोटीत बसून इंग्लंडला आला. इथे त्याच्या हातून तीनच इमारती झाल्या: ही मिल, एक दूधडेअरी आणि ट्रामगाड्यांची एक शेड. डेअरी आगीत गेली, शेड बाँबमध्ये. मग काम येईना. तो परत गेला आणि शेवटची वर्षं लोखंडी खिडक्यांचा फिरता विक्रेता म्हणून जगला. पुतणीने लिहिलं होतं की काका जेवताना मीठदाणी आणि बशा घेऊन खांब करून दाखवायचे, आणि कोणी बघत नसे. हे पत्र बाबांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी मीठदाणीवर बशी ठेवली. आम्ही बघितलं.

मूळ नकाशे कुठेच उरले नव्हते. तेव्हा बाबांनी ठरवलं की इमारत मोजायची आणि नकाशे नव्याने काढायचे. मी दहा वर्षांची होते, अंगाने बारीक, आणि भाव पाडून घेण्यात कुप्रसिद्ध. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून बाजारात कोथिंबिरीपासून बांगड्यापर्यंत घासाघीस मीच करायची. मिलच्या गेटवरच्या म्हाताऱ्याशीही बोलणी मीच केली. तो म्हणाला, रविवारी एक तास. मी आईच्या चकल्यांचा डबा त्याच्या टेबलावर उघडा ठेवला आणि गप्प उभी राहिले. तिसऱ्या चकलीला आम्हाला दुपारी दोनपर्यंत वेळ मिळाला.

इमारत मोजायची म्हणजे आधी सगळ्या खांबांवर आणि भिंतींवर एका पातळीत एक आडवी रेषा मारावी लागते. मग त्या रेषेपासून वर छतापर्यंत किती, खाली जमिनीपर्यंत किती, असं मोजत जायचं. इथले लोक त्यासाठी तिपाईवरची दुर्बीण वापरतात. बाबांकडे दुर्बीण नव्हती. त्यांच्याकडे आपल्याकडच्या गवंड्यांची रीत होती: एक लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. नळीची दोन टोकं कितीही लांब धरा, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला येतं. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात माझ्या शाळेच्या पेनातली निळी शाई घातलेली. एक टोक बाबांकडे, दुसरं माझ्याकडे. हात उचलून धरलं की माझा हात थरथरायचा आणि पाणी नाचायचं. तेव्हा बाबा म्हणाले, "सुलू, खांद्यावर टेकव आणि खांबाला पाठ लावून सैनिकासारखी उभी राहा." मी राहिले. पाणी स्थिर झालं. बाबांनी रेष मारली आणि जमिनीपासून मोजली. तीन फूट नऊ इंच. "आता हीच आपली उंची," ते म्हणाले. "सगळ्या इमारतीत हीच." मिलच्या चारही मजल्यांवर, प्रत्येक खांबावर, ती पेन्सिलची रेष माझ्या खांद्याच्या उंचीवरून गेली. घरी आल्यावर बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरही शाईने तीच खूण केली, लगेच तारीख घातली. पोर वाढतं, ते म्हणाले, उद्या चुकून दुसऱ्या उंचीला नळी धरायला नको. माझ्या कार्डिगनच्या डाव्या खांद्यावर शाईचा डाग पडला तो गेलाच नाही. आई त्यावर शोभेची पिन लावून शाळेत पाठवायची.

दोन उन्हाळे हे चाललं. मधल्या काळात मी वाढले, म्हणून दुसऱ्या वर्षी गुडघे वाकवून उभी राहायची. नकाशे झाले ते एकोणतीस. पुढच्या खोलीत बोर्ड लावलेला असे आणि तेव्हा आम्ही सगळे जिन्यावर बसून जेवायचो. असं काम मी पुन्हा पाहिलं नाही, आणि माझ्या हाताखालून खूप काम गेलं आहे. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते, तिथे आर्किटेक्टचं नाव येतं आणि त्याखाली काढणाऱ्याची आद्याक्षरं. बाबांनी वर ब्रिंकरचं नाव लिहिलं आणि खालची जागा रिकामी सोडली. मी विचारलं, तुमचं नाव? ते म्हणाले, "आपण फक्त मोजलं. इमारत त्याची." मुंबईच्या ऑफिसात साहेबांच्या नावाखाली त्यांनी हजारो नकाशे असेच सोडले असतील. ही सवय आमच्या लोकांनी बरोबर आणली, लोणच्याच्या बरणीपेक्षाही जपून.

मिल बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. एल्सवुड तेव्हा कॉलेजात शिकवायचा. इमारत पाडण्याआधी तिच्याबद्दल काही लिहावं म्हणून तो आला, आणि पॅकिंग खात्यात कोणीतरी त्याला सांगितलं की दिघेंना विचारा. बाबांनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. उंच, मवाळ आवाजाचा, कोपरांवर चामडं लावलेलं जॅकेट. आईने मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड केलं होतं. त्याने श्रीखंड तीनदा घेतलं. ते कशात टांगलं होतं हे सांगायची मला फार इच्छा होती, पण आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला होता.

जेवण झाल्यावर बाबांनी नकाशे उलगडले. एल्सवुड एकेका नकाशावर वाकून बघत गेला. मग पुतणीची पत्रं, मासिकांचे उतारे, ब्रिंकरच्या तिन्ही इमारतींची टिपणं, सगळा पुठ्ठ्याचा खोका त्याच्यापुढे आला. तो म्हणाला, "मिस्टर दिघे, हे छापलं गेलं पाहिजे. मी हे दोन महिने घेऊन जाऊ का?"

बाबांना नाही म्हणता येत नसे. म्हणून मी बोलले.

"दोन आठवडे," मी म्हणाले.

तो हसला. "बरं, दोन आठवडे."

"पुस्तक झालं तर बाबांचं नाव कव्हरवर. आत नाही, कव्हरवर. आणि तुमच्या आधी."

"ॲब्सोल्यूटली."

"आणि प्रदर्शन केलंत तर बाबा भाषण करणार."

"अर्थात." तो बाबांकडे वळला. "तुमची मुलगी फार कडक सौदा करते हं."

मी अभिमानाने फुगले. सगळं मिळालं होतं. आज माझ्या जुन्या मालाच्या यार्डात कोणी पहिल्याच शब्दाला तीन अटी मान्य केल्या तर मी माल परत आत नेते, कारण ज्याला द्यायचं असतं तो कुरकुरतो. तेव्हा हे कळत नव्हतं. तरी एक गोष्ट मी बरोबर केली. मी वहीचा कागद फाडला, तिन्ही अटी लिहिल्या आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

बाबा मराठीत म्हणाले, "सुलू, कागद आत ने."

"बाबा, फक्त सही..."

"आपल्याकडे जेवलेल्या माणसाकडून लिहून घेतात का? लाज आण थोडी."

त्यांनी मला आयुष्यात रागावून दोनतीनदाच सांगितलं असेल, त्यातलं हे एक. मी कागद चुरगळून स्वयंपाकघरात नेला. एल्सवुडने आईला वाकून नमस्कार केला, अगदी हात जोडून, आणि खोका उचलून गाडीत ठेवला. मी दारात उभी होते. मला थांबवता आलं असतं. मी खोक्यावर बसले असते तरी चाललं असतं. पण बाबा रागावले म्हणून मी फुरंगटून उभी राहिले. ही ती माझी चीर.

दोन आठवड्यांचे सात महिने झाले. बाबांनी फोन केले. मग लग्नातला सूट घालून ते कॉलेजात गेले आणि दारावरच्या माणसाने त्यांना मागच्या बाजूला पाठवलं, कारण त्याला वाटलं ते सफाईच्या कामासाठी आले आहेत. आई म्हणाली, "अहो, मी येते बरोबर, मला इंग्रजी येत नाही तेच बरं, मी सरळ ओरडेन." बाबा म्हणाले, कामात असतील. मग एक छापील आमंत्रण आलं, शहराच्या सभागृहात प्रदर्शनाचं. बाबांनी भाषण लिहून काढलं. चार पानं, सुवाच्य, ब्रिंकरच्या मीठदाणीपासून सुरुवात.

भिंतीवर एकोणतीसच्या एकोणतीस नकाशे काचेत लावलेले होते. दारात मोठ्या अक्षरांत: मोजणी आणि आरेखन, डॉ. क्लिफर्ड एल्सवुड. शेवटच्या फलकावर खाली, मिलच्या सर्व कामगारांचे आभार. कोपऱ्यातली रिकामी जागा आता रिकामी नव्हती. बाबा पहिल्या नकाशापासून शेवटच्यापर्यंत हळूहळू चालत गेले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "उजेड बरोबर पाडलाय. काचेत चमक येत नाही."

मधोमध एल्सवुड हातात ग्लास घेऊन लोकांना समजावत होता. तो म्हणत होता, की मोजणीची आधाररेषा आपण मुद्दाम तीन फूट नऊ इंचांवर घेतली, कारण ती बसून काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांची उंची आहे. ब्रिंकरने खिडक्या त्या रेषेच्या खाली सुरू केल्या, की विणणाऱ्या बाईला मान न उचलता नदी दिसावी. एका यंत्रयुगातल्या माणसाची ही करुणा, असं काहीसं. बायका माना डोलवत होत्या.

मी ओरडले. "तो माझा खांदा आहे!"

सगळे वळले. मी पुढे झाले. "ती रेष माझ्या खांद्याची आहे. मी नळी धरली होती. तुम्ही तिथे नव्हताच. तुम्ही आमच्या घरी श्रीखंड खाल्लंत आणि खोका नेलात!"

एल्सवुड अजिबात घाबरला नाही. तो माझ्याजवळ आला, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्या वर्षात मी भसकन उंच झाले होते. माझा खांदा त्याच्या छातीला लागत होता. तो लोकांकडे बघून प्रेमळपणे म्हणाला, "माय डिअर, यू आर मच टू टॉल."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, मुलांच्या गमतीला हसतात तसे हसले. आणि माझे वडील, ज्यांच्या खिशात चार पानांचं भाषण होतं, दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "सॉरी, सर. शी इज अ चाइल्ड."

बसमध्ये मी त्यांच्याशेजारी बसले नाही. आईने भात टाकला, आमटी वाढली, आणि बाबा व्यवस्थित जेवले. त्यानंतर त्यांनी पेन्सिल हातात धरली नाही. बोर्ड आईने उन्हाळ्यात शेवया वाळत घालायला घेतला. मिल पाडली तेव्हा चमचे किणकिणायचे थांबले आणि आई बरेच दिवस कपातले चमचे बोटाने हलवून बघायची. मी पाडकाम करणाऱ्यांच्या मागे हिंडून ब्रिंकरच्या दोन लोखंडी खिडक्या मिळवल्या आणि एका बागवाल्याला काचघरासाठी विकल्या. माझा धंदा तिथून सुरू झाला. ज्याने शेवटी खिडक्या विकल्या त्याच्याच खिडक्यांवर मी उभी राहिले, आणि यात कसलंही समाधान नाही.

एल्सवुडचं पुस्तक निघालं. अमेरिकेत अमोस ब्रिंकर आता मोठा माणूस आहे. त्याच्यावर पुढे ज्यांनी लिहिलं ते सगळे त्या डोळ्यांच्या रेषेवर लिहितात. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा अर्थ एका दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर उभा केला आहे, आणि तो खोटा आहे. खिडक्या खाली का सुरू होतात हे पुतणीच्या पत्रात होतं: मालकाने काचेचे तक्ते आधीच विकत घेऊन ठेवले होते, आणि ब्रिंकरला ते कापायची परवानगी नव्हती. तो त्यावरून आयुष्यभर चिडलेला होता. मला तो चिडलेला ब्रिंकर जास्त आवडतो. त्याला भागीदाराने एकदा लुटलं, एल्सवुडने दुसऱ्यांदा.

गेल्या वर्षी मी ते नकाशे पुन्हा पाहिले. ते आता एका संग्रहात आहेत, एल्सवुडच्या नावाच्या खोक्यांत. पेन बाहेर ठेवायला लावतात, पेन्सिलच चालते. सातव्या नकाशावर शाईचा एक फिकट निळा ठिपका आहे. मी तिथल्या तरुण बाईला दाखवला. ती नम्रपणे म्हणाली, जुन्या कागदावर असे डाग पडतात. पुतणीची पत्रं मागितली तर म्हणाली, त्या खोक्यांत पत्रं नाहीतच. प्रकाशकाला मी तीन वेळा लिहिलं. उत्तर आलं, की पुराव्याअभावी काही करता येत नाही. पुरावा म्हणजे स्वयंपाकघराची ती चौकट, तारखेसकट. आमची गल्ली कौन्सिलने पाडली तेव्हा मी दुसऱ्या शहरात कोणाचे तरी दरवाजे उतरवत होते. माझ्या यार्डात आजही परक्या पोरांच्या उंचीच्या खुणा असलेल्या चौकटी उभ्या आहेत. त्यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. माझी तेवढी मला मिळाली नाही.

मुलगी हॅरोहून फोन करते. "आई, लेट इट गो ना. तो म्हातारा मरायला आला आहे. आजोबापण गेले. कोणाला काय फरक पडतो?"

"तुझ्या आजोबांना पडला असता."

"ते तर सॉरी म्हणाले होते, तूच सांगितलंस."

हो, मीच सांगितलं. ते सॉरी म्हणाले आणि त्या क्षणी केस हरली, हे मला कोणी शिकवायला नको. त्यांनी सही करू दिली नाही, नाव घातलं नाही, माफी मागितली. मी खोका जाऊ दिला. आमच्या दोघांच्या चुका मी इथे मांडल्या आहेत, एकही लपवली नाही. आता उरलेल्या माणसाने आपली मांडावी.

प्रोफेसर एल्सवुड, हे पान मी इंग्रजीत करून तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे की चार मजले तुम्ही स्वतः मोजलेत. अशी मोजणी एकट्याने होत नाही. एका टोकाला तुम्ही होतात असं धरून चालू. दुसऱ्या टोकाला कोण होतं? त्या माणसाचं नाव सांगा. तुम्हाला अजून बोलता येतं असं ऐकते. बोला.